कबनूरची बाई

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवचा हंगाम लांबला, कारण त्या साली ऊस उदंड होता. मी कसबा बावड्यातल्या साखर कारखान्यात पॅनमन होतो. उसाचा पाक ज्या मोठ्या बंद भांड्यात उकळून त्याचा दाणा धरवतात, त्याला पॅन म्हणतात. त्यातून पाकाचा थेंब काढायचा, काचेच्या पट्टीवर पसरायचा, उजेडाकडे धरून दाणा कुठवर आलाय ते बघायचं आणि वाफ वाढवायची की कमी करायची ते ठरवायचं, हे माझं काम. पॅनच्या मजल्यावर थंडी कधी नसते. अंगातून पाणी गळायचं, तांब्यावर तांब्या पाणी पोटात जायचं. घरी येईपर्यंत अंगावरचे कपडे पाकानं ताठ झालेले असायचे. माझी बायको निर्मला ते मोरीत भिजत टाकायची, आणि मोरीत मुंग्या यायच्या. बावड्यात कारखान्यातल्या माणसाचं घर आणि त्या घरात मुंग्या नाहीत, असं मी तरी बघितलेलं नाही.

दिवाळीनंतर कधीतरी माझं आणि निर्मलाचं बिनसलं. म्हणजे भांडण झालं नव्हतं. मी तिच्याजवळ जायचो, पण माझं शरीर माझ्याबरोबर यायचं नाही. पहिल्यांदा वाटलं, दमलोय. पुढच्या वेळीही तसंच वाटलं. निर्मला म्हणाली, "असू दे की. झोपा." त्यानंतर मी जवळ जायच्या आधीच विचार करायला लागलो, आज जमेल का नाही. आणि एकदा हा विचार डोक्यात आला की जमायचं नाहीच.

मला ताप नव्हता, काही दुखत नव्हतं. वय पण बेचाळीसच. मुख्य म्हणजे इच्छा गेली नव्हती. ती गेली असती तर मी म्हटलं असतं, वय झालं, संपलं. पण भूक लागलेली असावी, समोर ताट असावं आणि हातच उचलू नये, असं चाललं होतं. सकाळी अंघोळ करून लिंगपूजेला बसलो की डोळे मिटल्यावर हाच प्रश्न समोर यायचा. माझ्या हातून काय चुकलं? काही आठवायचं नाही.

शेवटी मी कारण ठरवून टाकलं. हंगाम. पाळ्या बदलत होत्या, झोप मोडत होती, पॅनची धग होतीच. निर्मलाला म्हटलं, "बॉयलर बंद झाला की बघ, सगळं जाग्यावर येतंय." ती बरं म्हणाली. मलाही ते पटलं होतं.

माझ्याबरोबर पॅनवर कृष्णात होता. माझ्यापेक्षा लहान, बोलायला मोकळा. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यानं स्टोअरमधल्या एका माणसाचा विषय काढला. "त्यानं कबनूरला दुसरं घर केलंय म्हणं. कापडाच्या मागावरची बाई हाय. पन्नाशी उलटली, पर गड्यात अजून दम हाय." सगळे हसले. त्या हसण्यात निंदा नव्हती, कौतुकच जास्त होतं. मीही हसलो.

मग माझ्याकडं बघून कृष्णात म्हणाला, "आण्णा, तुमचं तोंड का पडलंय? वैनीनं जेवाय घातलं न्हाय व्हय?"

मी डबा आवरत म्हटलं, "माझं काय न्हाय. माझा एक पावणा हाय. त्याला जरा घरात अडचण हाय."

"कसली अडचण?"

"तसलीच."

कृष्णातनं मान हलवली. "असल्या पावण्याला हायवेला तंबू हाय तितं धाडा. जडीबुटीवाला हाय. माझा पावणा न्हाय असला, नुसतं ऐकून हाय."

पाळी सुटल्यावर मीच त्या तंबूत गेलो. बाटल्यांत मुळ्या बुडवून ठेवल्या होत्या, कापडावर पैलवानांची चित्रं होती. वैद्यानं नाडी धरली, डोळ्याची पापणी खाली ओढली आणि म्हणाला, "धात गेलीया. तरणेपणी काय तरी चूक झाली असणार."

मी पुष्कळ आठवून बघितलं. तरुणपणी सगळे करतात त्यापेक्षा वेगळं मी काही केलं नव्हतं. सगळ्यांनीच केलं तर मलाच का, हे मी विचारलं नाही. त्यानं चूर्ण दिलं आणि सांगितलं, सकाळ-संध्याकाळ गरम दुधातून घ्यायचं, दुधात मूठभर खडीसाखर घालायची. साखरेनंच ताकद येते. हे मात्र मला लगेच पटलं. पॅनवर आम्ही सगळे तेच मानायचो. थकवा आला की गरम पाक वाटीभर प्यायचो आणि पुन्हा उभे राहायचो.

मी नेमानं चूर्ण घेतलं. फरक काही पडला नाही. तहान मात्र वाढली. पॅन्ट सैल झाली, पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं. लघवीला रात्रीचं सारखं उठायला लागायचं. पुन्हा वैद्याकडं गेलो तर तो म्हणाला, "अंगातला कचरा बाहेर पडालाय. खडीसाखर वाढवा." मी वाढवली. आणि घरात निर्मलाजवळ पडून राहायची भीती वाटायला लागली, म्हणून जादा पाळ्या मागून घेतल्या.

एप्रिल संपता संपता भोंगा वाजला, बॉयलर विझला. मी घरी बसलो. झोप पुरेशी मिळत होती, धग नव्हती, काम नव्हतं. पण काहीच जाग्यावर आलं नाही. माझ्याकडं एकच कारण होतं, तेही आता गेलं.

एक दिवस दुपारी निर्मलानं चूर्णाची पुडी माझ्यासमोर ठेवली. वरती बाईमाणसाचं आणि गड्याचं चित्र होतं, खाली ठळक अक्षरात सगळं लिहिलेलं होतं.

"तुमच्या शर्टाच्या खिशात गावली," ती म्हणाली. "हे कशाला घेतासा?"

"ताकदीला."

"माझ्याजवळ तर तुम्ही येत न्हाईसा. मग ही ताकद चाललीया कुठं?"

ती आवाज न चढवता बोलत होती, त्यामुळं जास्त अवघड वाटत होतं.

"जादा पाळ्या कराय लागलाय. अंग उतरलंय. रात्रीचं उठून येरझाऱ्या घालतासा. एवढी कुणाची काळजी लागलीया?"

"कुणाची न्हाय."

"बाई हाय म्हणून सांगितलं असतंसा तर मी भांडलो असतो. न्हाय म्हणतासा आणि औषध खातासा. मला येडी समजतासा व्हय?"

दुसऱ्या दिवशी तिनं आमच्या मुलीला, विद्याश्रीला घेतलं आणि हातकणंगल्याला तिच्या थोरल्या बहिणीकडं निघाली. जाताना म्हणाली, "शाळा सुरू व्हायच्या आत काय ते ठरवा. न्हाईतर मी विद्याचं नाव तितल्याच शाळंत घालतो आणि तितंच ऱ्हातो."

घरात मी एकटा. तेव्हा मी जो विचार केला तो आज सांगताना मलाच नवल वाटतं. माझ्यापुढं दोन वाक्यं होती. एक, दुसरी बाई आहे. दुसरं, मला होत नाही. पहिलं वाक्य मी कितीतरी गड्यांच्या तोंडून ऐकलं होतं, कुणाबद्दल तरी किंवा स्वतःबद्दल. ते ऐकून माणसं हसतात, बायका रडतात, कधीतरी मिटवतात. दुसरं वाक्य उभ्या जन्मात एकाही गड्याच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. ते कसं म्हणतात हेच मला माहीत नव्हतं. मग मी ठरवलं, एक बाई होती, आता सोडली, असं सांगून टाकायचं. निर्मला चिडेल, रडेल, पण परत येईल. परत आल्यावर पुढं काय, त्याचा विचार मी केला नाही. केला असता तर एस.टी.त बसलोच नसतो.

निर्मलाच्या बहिणीचं, आक्काचं घर स्टेशनकडच्या रस्त्याला. नवरा वारलेला, दोन म्हशी, थोडी शेती. तिनं विद्याश्रीला शेजारी पाठवलं, मला चहा दिला. मी दोन कप चहा आणि तांब्याभर पाणी प्यायलो. निर्मला भिंतीला टेकून बसली होती.

"बोला पावणं," आक्का म्हणाली. "बाई हाय का न्हाय?"

"व्हती. आता न्हाय. सोडली मी."

"कुठली?"

"कबनूरची."

"नाव काय तिचं?"

नावाचा मी विचारच केला नव्हता. तोंड उघडलं आणि डोक्यात घरातल्याच बायकांची नावं यायला लागली, आई, मावशी, निर्मला, आक्का. शेवटी म्हटलं, "रत्ना."

"काय करती?"

"मागावर हाय."

"कुणाच्या मागावर?"

"हाय एकाच्या."

"दिसाय कशी हाय?"

"बरी हाय."

"बरी हाय," आक्का निर्मलाकडं वळून म्हणाली. "ऐकलंस का? बाई ठेवली ती बरी हाय. म्हस घेताना तरी माणूस ह्यापरीस जास्त सांगतोय."

निर्मलाचे खांदे हलत होते. मला वाटलं रडते. पण ती हसत होती. पदर तोंडावर धरून म्हणाली, "ह्यांनी कबनूर कवा बघितलंय का इचार आधी. एक साडी आणायला सांगितली तर तीन दुकानांतनं रंग इसरून मोकळं परत येतंय ह्यो माणूस. आणि ह्यो बाई ठेवणार."

मग तिचं हसणं थांबलं. ती माझ्याकडं बघत राहिली आणि तिचा चेहरा बदलला. "खोटी बाई का सांगालाईसा?" ती म्हणाली. "त्याच्यापरीस वाईट काय हाय?"

मी तिच्याकडं बघू शकलो नाही. आक्कानं विषय तोडला. "आज ऱ्हावा पावणं. सकाळी बघू."

सकाळी मी अंथरुणातच होतो, तेव्हा आक्काचा आवाज आला. "निर्मला, मोरीत काय सांडलंस गं? मुंग्यांची रांग लागलीया."

"काय न्हाय की. आमच्याकडं रोजच असत्यात."

"तुमच्याकडं कारखाना हाय. हितं कुठला कारखाना?"

मी उठून गेलो. आम्ही तिघं मोरीच्या कठड्यापाशी उभे. उंबऱ्याच्या फटीतून निघालेली मुंग्यांची ओळ थेट कोपऱ्यातल्या भोकाकडं चालली होती. रात्री मी तिथंच उठून लघवीला जात होतो.

निर्मला सावकाश म्हणाली, "मला वाटायचं, ह्यांच्या कपड्यांनी येत्यात." मग म्हणाली, "पर बॉयलर बंद झाला. कपडं कवाच धुऊन ठेवल्यात. मुंग्या तरी हाईतच की."

आक्का माझ्याकडं वळली. "तहान लई लागती?"

"लागती."

"रात्रीचं उठतासा?"

"व्हय."

"हातापायाला मुंग्या आल्यागत व्हतंय?"

"तळपायाला."

"आमच्या मामंजींचं असंच हुतं. ते बसतील तितं मुंग्या. डॉक्टरनं रगत बघितलं तर साखर निघाली."

मला हसू आलं. "आक्का, आयुष्यभर मी साखरच करत आलोय. माझ्या अंगात कशाला शिरती ती?"

"ते मला काय म्हाईत? चला डॉक्टरकडं."

आक्काच्या ओळखीचे डॉक्टर अनेकांत मगदूम. मुलगा वाटावा असा माणूस, पण शांत. त्यांनी रक्त काढलं, लघवी तपासली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं. निर्मला बरोबर होती. साखर पुष्कळ जास्त होती, बहुतेक काही वर्षं असावी, असं ते म्हणाले. मग कागदावर लिहिता लिहिता, मान वर न करता त्यांनी विचारलं, "आणि घरात, नवरा-बायकोचं कसं चाललंय? काही अडचण?"

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. बाहेर एक माणूस सायकलची हवा भरत होता. मी त्याच्याकडंच बघत राहिलो.

"हाय अडचण," निर्मला म्हणाली.

एवढंच म्हणाली. तिला कळलं होतं. मोरीपाशी कळलं का आदल्या दिवशी, ते मी तिला अजून विचारलेलं नाही.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "हे मी शुगरच्या प्रत्येक गड्याला विचारतो," ते म्हणाले. "निम्मे तरी हो म्हणतात. बाकीचे खिडकीतनं बघत बसतात."

मग त्यांनी मला काही प्रश्न विचारले, जे कधी कुणी विचारतील असं मला वाटलं नव्हतं. सकाळी जाग येते तेव्हा ताठरपणा असतो का? पूर्वी असायचा का? हळूहळू कमी झाला की एकदम? मी जमेल तशी उत्तरं दिली. ते म्हणाले, "इच्छा डोक्यात तयार होते, पण काम रक्ताचं आणि नसांचं आहे. रक्त तिथं भरावं लागतं आणि टिकावं लागतं. साखर जास्त राहिली की बारीक रक्तवाहिन्या आणि नसा खराब होतात. तंबाखूनंही होतात. तुम्ही खाता?"

"खातो."

"बंद करायची."

मी विचारलं, "मग धात गेलेली न्हाय?"

"नाही."

"तरणेपणीची चूक?"

"काही चूक नाही. सगळे करतात, त्यानं काही होत नाही."

"मग हे सगळं साखरेनंच?"

"थोडं साखरेनं. थोडं भीतीनं. एकदा जमलं नाही की माणूस घाबरतो, आणि घाबरला की आणखी जमत नाही."

"कुठलं किती?"

"ते सांगता येत नाही."

दाणा बघून पाकाचं सगळं सांगणाऱ्या माणसाला हे उत्तर पुरत नव्हतं. मी म्हटलं, "वैद्यानं खडीसाखर घालून दूध प्यायला सांगितलं हुतं." डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले आणि उघडले. चूर्णात काय आहे ते माहीत नाही, म्हणून तेही बंद, असं म्हणाले. गोळ्या लिहून दिल्या, जेवणाचं सांगितलं, रोज चालायला सांगितलं.

"पुन्हा पहिल्यासारखं हुईल काय?" हे मी विचारलं नाही. निर्मलानं विचारलं.

"साखर ताब्यात आली की बऱ्याच जणांना फरक पडतो. सगळ्यांना पूर्ण पडतोच असं नाही. नाही पडला तर आणखी उपाय आहेत, तेव्हा बघू. तोवर एक करा. रोज परीक्षा घेऊ नका. नुसतं जवळ बसा, बोला. होवो न होवो."

परतीच्या एस.टी.त विद्याश्री खिडकीला बसून झोपली होती. निर्मला म्हणाली, "मला सांगायला काय झालं हुतं?"

"मला वाटलं, बाई सांगितली तर तुला समजंल."

"ती असती तर झिंज्या धरून हाकलली असती. ह्याला कशाला धरू?"

तिला राग आला होता की हसू, मला कळलं नाही. तिचा हात मात्र माझ्या हातावर होता. कोल्हापूरचं स्टँड येईपर्यंत होता. शाळेचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही.

त्यानंतर निर्मलानं त्या आजाराचं नाव कबनूरची ठेवलं. मी कपाट उघडलं की आतून आवाज यायचा, "कबनूरवालीची गोळी घेतली का?" आक्का आली की पहिलं विचारायची, "रत्ना कशी हाय?" मोरीतल्या मुंग्या कमी कमी होत गेल्या आणि एक दिवस दिसल्याच नाहीत. निर्मलानं मला हाक मारून ती रिकामी मोरी दाखवली. आम्ही दोघं तिथं उभे राहून बघत होतो, आणि बघायला काहीच नव्हतं.

बाकीचं तसं लवकर आलं नाही. कधी जमायचं, कधी नाही. पावसाळ्यात एकदा दुपारी, विद्याश्री शाळेत असताना, आम्ही नुसतं जवळ पडून आक्काच्या म्हशीबद्दल बोलत होतो आणि ध्यानीमनी नसताना जमलं. गोळीनं जमलं, तंबाखू सोडल्यानं, की परीक्षा सोडल्यानं, मला सांगता येणार नाही. ह्याच अडचणीवरच्या ज्या गोळीचा गवगवा त्या साली पेपरात झाला ती दोन-तीन वर्षांनी आपल्याकडंही आली, तेव्हा डॉक्टरांनी हृदय तपासून तीही लिहून दिली. मनानं दुकानातनं आणायची नाही, एवढं बजावलं. कधी घेतली, कधी नाही.

पण त्याच्या आधीचं एक सांगायचं राहिलं. नवा हंगाम लागला आणि कृष्णात काही कामानं घरी आला. मी चपला घालत होतो. आतून निर्मला ओरडली, "कबनूरवालीचं झालं का? न्हाईतर तिचं करूनच जावा बाहेर."

कृष्णात जागच्या जागी थांबला. तो दिवसभर पॅनवर माझ्याकडं वेगळ्याच नजरेनं बघत होता. संध्याकाळपर्यंत माणसं मला वाट करून द्यायला लागली. स्टोअरमधल्या त्या माणसानं स्वतःहून विडी पुढं केली. आठवडाभर हे चाललं. एवढा मान मला पॅनवर इतक्या वर्षांत मिळाला नव्हता. आणि तो राहू द्यावा असं मला वाटत होतं, हे खोटं कशाला सांगू.

शेवटी जेवणाच्या सुट्टीत कृष्णातनंच विषय काढला. "आण्णा, आमच्यापासनं लपवलं व्हय? आणि वैनी पण जाऊ देती?"

आजूबाजूला कुणी नव्हतं. पॅनमध्ये पाक उकळत होता. मी त्याला सगळं सांगितलं. तंबू, खडीसाखर, मोरी, डॉक्टर. दुसरं वाक्यही सांगितलं, मला होत नव्हतं. ते म्हणायला फार वेळ लागला नाही. मला वाटलं आता हा हसेल आणि पाळी सुटायच्या आत साऱ्या कारखान्याला सांगेल.

तो हसला नाही. काचेची पट्टी हातात घेऊन फिरवत बसला. मग म्हणाला, "आण्णा, माझा एक पावणा हाय."

मी त्याच्याकडं बघितलं. तो पट्टीकडं बघत होता.

"त्याला म्हणावं डॉक्टरकडं जा," मी म्हटलं. "आणि मोरीत मुंग्या येत्यात का बघ म्हणावं."

"येत्यात की," कृष्णात म्हणाला. "बावड्यात कुणाच्या मोरीत येत न्हाईत? त्यातनं त्यानं वळखायचं कसं?"

मी त्याच्या हातातली पट्टी काढून घेतली. मग त्याला म्हटलं, "त्या पावण्याला म्हणावं, हातकणंगल्याला आमच्या आक्काकडं एक दिवस मुक्कामाला जाऊन ये."